एकोल मिलितेर

पॅरिसमधील एक प्रसिद्ध लष्करी शिक्षणसंस्था व तिची अठराव्या शतकातील वास्तू. ‘एकोल मिलितेर’ या फ्रेंच संज्ञेचा शब्दशः अर्थ ‘लष्करी शाळा’ असा आहे. सेन नदीच्या डाव्या तीरावरील शां द मार्स या विस्तीर्ण मैदानाच्या आग्नेय टोकास ही वास्तू उभी असून मैदानाच्या दुसऱ्या टोकास आयफेल मनोरा आहे. फ्रान्सचा राजा पंधरावा लूई (कार. १७१५–७४) याने जानेवारी १७५१ मध्ये राजाज्ञा काढून ही संस्था स्थापन केली आणि राजवास्तुविशारद आंझ-झाक गाब्रिएल (१६९८–१७८२) याने तिचा वास्तुकल्प तयार केला. फ्रेंच अभिजाततावादी वास्तुशैलीचा एक उत्कृष्ट नमुना म्हणून ती ओळखली जाते. तथापि लष्करातील अधिकारपद कोणास मिळावे, जन्माने की गुणवत्तेने, या फ्रान्समधील दीर्घ वादाची साक्षीदार म्हणूनही तिचे महत्त्व मोठे आहे.

पार्श्वभूमी : चौदाव्या लूईने १६७० मध्ये वृद्ध व जायबंदी सैनिकांसाठी ‘आंव्हालीद’ हे आश्रयस्थान उभारण्याचा निर्णय घेतला होता. सेवा करून थकलेल्यांची सोय झाली, तरी सेवेत येऊ पाहणाऱ्या तरुणांच्या पद्धतशीर शिक्षणाची व्यवस्था नव्हती. ऑस्ट्रियन वारसायुद्धात (१७४०–४८) ही उणीव प्रकर्षाने जाणवली. अधिकारपदे प्रायः सरदार घराण्यांतील तरुणांकडे जात. परंतु खेड्यापाड्यांतील अनेक सरदार घराणी नावापुरतीच श्रीमंत होती आणि मुलांच्या शिक्षणाचा खर्च त्यांना झेपत नसे. फाँतन्वाच्या लढाईचा (१७४५) विजेता सेनापती मॉरिस द साक्स, सैन्याला रसद पुरविणारा धनाढ्य सावकार जोझेफ पारी-द्यूव्हेर्ने (१६८४–१७७०) आणि राजाची प्रेयसी मादाम द पाँपादूर (१७२१–६४) यांनी या कल्पनेचा पाठपुरावा केला. राजाज्ञेनुसार निर्धन सरदार घराण्यांतील ५०० मुलांना येथे विनामूल्य शिक्षण मिळावयाचे होते. पित्याच्या बाजूने चार पिढ्यांचे सरदारत्व सिद्ध करणे ही प्रवेशाची अट होती आणि रणांगणावर पडलेल्या अधिकाऱ्यांच्या मुलांना अग्रक्रम होता. दारिद्र्य आणि कुलीनता या दोहोंचे पुरावे एकाच वेळी मागणारी ही संस्था त्या काळच्या समाजरचनेचे नेमके चित्र दाखविते.

बांधकाम व अर्थव्यवस्था : गाब्रिएलचा मूळ आराखडा अतिशय भव्य होता, पण राजकोश युद्धामुळे रिता झाला होता. खर्चासाठी प्रथम खेळण्याच्या पत्त्यांवरील कराचे उत्पन्न लावून देण्यात आले. ते अपुरे पडल्याने १७५७ मध्ये संस्थेच्या नावे सोडत सुरू करण्यास मंजुरी मिळाली. नव्वद अंकांपैकी पाच अंक काढण्याची ही इटालियन धर्तीची सोडत काल्झाबीजी बंधूंनी सुचविली होती व तिच्या उभारणीत प्रसिद्ध साहसी लेखक कासानोव्हा याचाही हात होता. अशा रीतीने भावी सेनाधिकाऱ्यांच्या शिस्तबद्ध शिक्षणाचा भार बऱ्याच अंशी जुगारी हौसेवर पडला. अध्यापनास १७५३ मध्ये व्हँसेन येथील राजवाड्यात तात्पुरती सुरुवात झाली आणि १७५६ मध्ये विद्यार्थी नव्या जागेतील तयार झालेल्या इमारतींत राहावयास आले. सप्तवार्षिक युद्धाच्या काळात (१७५६–६३) काम रेंगाळले. त्यानंतर आराखड्यास कात्री लावून ते पुन्हा हाती घेण्यात आले. संस्थेच्या प्रार्थनामंदिराची कोनशिला ५ जुलै १७६९ रोजी राजाने स्वतः बसविली. मुख्य वास्तू १७८० च्या सुमारास पूर्णत्वास गेली.

वास्तुरचना : वास्तूला दोन दर्शनी बाजू आहेत. शां द मार्सकडील बाजू लांबलचक असून तिच्या मध्यभागी उंच मंडप आहे. त्याच्या दर्शनी भागात दोन मजल्यांची उंची व्यापणारे आठ कॉरिंथियन स्तंभ असून माथ्यावर चौकोनी बैठकीचा, चारी बाजूंनी वक्र चढत जाणारा घुमट आहे. हा चौकोनी घुमट दुरून नजरेत भरतो व आंव्हालीदच्या गोल, सोनेरी घुमटाहून त्याचे वेगळेपण चटकन ध्यानात येते. दुसरी बाजू फाँतन्वा चौकाकडे असून तेथे सन्मान-प्रांगण आहे. प्रांगणाभोवतीच्या इमारतींच्या तळमजल्यावर जोडस्तंभांच्या ओळी आहेत. साधे डोरिक स्तंभ खाली आणि अलंकृत कॉरिंथियन स्तंभ मध्यवर्ती मंडपाला, अशी योजना केल्याने प्रेक्षकाची दृष्टी क्रमाक्रमाने मध्यभागाकडे वळते. अलंकरण ठराविक जागीच केलेले असून बाकीच्या भिंती सपाट ठेवल्या आहेत. प्रमाणबद्धता, संयम व आडव्या रेषांवरील भर ही गाब्रिएलच्या शैलीची लक्षणे येथे स्पष्ट दिसतात. पॅरिसमधील प्लास द ला काँकॉर्द हा चौक व व्हर्साय येथील पेती त्रियानाँ या त्याच्या अन्य रचनांतही हेच गुण आढळतात.

अंतर्भागात भव्य जिना, सेनापतींचे दालन आणि संत लूईचे प्रार्थनामंदिर ही विशेष प्रेक्षणीय आहेत. सेनापतींच्या दालनात पंधराव्या लूईच्या काळातील लढायांची ल पाँ या चित्रकाराने काढलेली चित्रे आहेत. प्रार्थनामंदिर हे स्वतंत्र शिखर असलेली वास्तू नसून इमारतीच्या एका पाखेतच सामावलेले आहे. भिंतींना लागून कॉरिंथियन अर्धस्तंभ, वर पसरट कमानीचे छत आणि संत लूईच्या जीवनातील प्रसंगांची चित्रे अशी त्याची मांडणी आहे.

शिक्षणाचा इतिहास : गणित, तटबंदीशास्त्र, इतिहास, भूगोल, भाषा, चित्रकला, तलवारबाजी व अश्वारोहण हे विषय येथे शिकविले जात. थोर गणितज्ञ लाप्लास (१७४९–१८२७) याने आपल्या कारकीर्दीच्या प्रारंभी येथे अध्यापन केले. राजधानीच्या सान्निध्यात, ऐषआरामात वाढणाऱ्या मुलांच्या अंगी सैनिकी कणखरपणा येत नाही, असे युद्धमंत्री काउंट सँ-झेर्मँ याचे मत होते. त्याने १७७६ मध्ये शाळा बंद करून विद्यार्थ्यांची प्रांतोप्रांतीच्या लष्करी विद्यालयांत विभागणी केली. पुढील वर्षी त्या विद्यालयांतील निवडक विद्यार्थ्यांसाठी ती पुन्हा उघडण्यात आली. याच पद्धतीने ब्रिएन येथील विद्यालयातून नेपोलियन बोनापार्ट ऑक्टोबर १७८४ मध्ये येथे आला. एका वर्षातच, १७८५ मध्ये, त्याने लाप्लास परीक्षक असलेली तोफखान्याची परीक्षा दिली. ५८ यशस्वी उमेदवारांत त्याचा क्रमांक ४२ वा लागून सोळाव्या वर्षी तो अधिकारी झाला. दरम्यान १७८१ च्या एका आदेशाने थेट अधिकारपदासाठी चार पिढ्यांच्या सरदारत्वाची अट सर्वत्र लागू केली होती. त्यामुळे मध्यमवर्गात उसळलेला असंतोष राज्यक्रांतीच्या अनेक कारणांपैकी एक ठरला. काटकसरीसाठी १७८८ मध्ये शाळा कायमची बंद झाली.

राज्यक्रांतीनंतर : विद्यार्थ्यांच्या कवायतीसाठी आखलेल्या शां द मार्स मैदानावर १४ जुलै १७९० रोजी संघराज्योत्सव साजरा झाला, तेव्हा राजाचा मंच याच वास्तूसमोर उभारलेला होता. पुढे ही वास्तू कोठार व बराकी म्हणून वापरण्यात आली. नेपोलियनच्या काळात तेथे शाही रक्षकदलाचे वास्तव्य होते. अधिकाऱ्यांच्या प्राथमिक शिक्षणाचे कार्य मात्र १८०२ मध्ये स्थापन झालेल्या व १८०८ पासून सँ-सीर येथे चालणाऱ्या लष्करी विद्यालयाकडे गेले. फ्रान्स–प्रशिया युद्धातील (१८७०–७१) पराभवाने सेनाधिकाऱ्यांच्या उच्च शिक्षणातील उणीव उघड केली. त्यातून १८७६ मध्ये निर्माण झालेली वरिष्ठ युद्धशाळा लवकरच येथे आली आणि जवळजवळ शतकानंतर वास्तूला तिचे मूळ प्रयोजन परत मिळाले. सेनापती फॉश हा येथे प्राध्यापक व नंतर संचालक (१९०८–११) होता. शार्ल द गोल याने १९२२–२४ या काळात येथे शिक्षण घेतले.

द्रेफ्यूस प्रकरण : या वास्तूच्या इतिहासातील सर्वांत क्लेशदायक प्रसंग ५ जानेवारी १८९५ रोजी घडला. तोफखान्यातील कॅप्टन आल्फ्रेद द्रेफ्यूस (१८५९–१९३५) हा या युद्धशाळेचाच विद्यार्थी होता. १८९२ मध्ये तो नवव्या क्रमांकाने उत्तीर्ण झाला. त्या वेळीही तो ज्यू असल्याने एका परीक्षकाने त्यास हेतुतः कमी गुण दिले होते. जर्मनीला गुपिते पुरविल्याच्या खोट्या आरोपावरून दोषी ठरल्यावर, ज्या संस्थेने त्याला घडविले तिच्याच प्रांगणात सैन्यासमोर त्याची पदचिन्हे फाडण्यात आली व तलवार मोडण्यात आली. आपण निर्दोष असल्याचे तो ओरडून सांगत होता. त्यानंतर त्याची रवानगी डेव्हिल्स बेटावर झाली. अखेर जुलै १९०६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली आणि त्याच महिन्यात याच आवारातील एका लहान प्रांगणात मेजर द्रेफ्यूस यास ‘लेजन ऑफ ऑनर’ हा सन्मान देण्यात आला. अपमान मोठ्या प्रांगणात आणि सन्मान लहान प्रांगणात, हा फरक समकालीनांच्या नजरेतून सुटला नाही.

आधुनिक काळ : फाँतन्वा चौकात समोरच १९५८ मध्ये युनेस्कोचे मुख्यालय उभे राहिले, त्यामुळे युद्धशिक्षणाची व शांततासहकार्याची अशा दोन संस्था एकमेकींसमोर आल्या. सेन नदीचे पॅरिसमधील काठ १९९१ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाले. या वास्तूचाही त्यात अंतर्भाव होतो. फ्रेंच सेनादलांची युद्धशाळा व राष्ट्रीय संरक्षण अभ्याससंस्था येथे कार्यरत असून आता प्रवेशासाठी वंशावळ नव्हे, तर स्पर्धात्मक निवड हाच निकष आहे. ज्या इमारतीच्या दारात एके काळी चार पिढ्यांचे कुल तपासले जाई, तेथे आज परदेशांतील अधिकारीही शिक्षणासाठी येतात. शिस्त, वैभव व अन्याय या तिन्हींच्या खुणा बाळगणारी ही वास्तू फ्रेंच इतिहासाचा एक बोलका दस्तऐवज होय.