धरणीकंप आणि आपली रोह्याची भूमि

मनुष्य घर बांधतो तेव्हां पायाखालची भूमि अचल आहे असें तो गृहीत धरितो. आपल्या कोंकणची भूमि तर काळ्या फत्तराची. तिच्यावर विश्वास टाकावा हें साहजिकच आहे. परंतु ता. ११ डिसेंबर १९६७ रोजीं पहांटे कोयनेच्या खोऱ्यांत जो धरणीकंप झाला, त्यानें या विश्वासास तडा दिला. कोयनानगरचीं घरें कोसळलीं व दीडशेंहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं. तें स्थान रोह्याहून सरळ रेषेंत सुमारें १३० किलोमीटर आहे. तेव्हां हा विषय आपणांस परका नव्हे.

भूगर्भांतील खडक भंगून त्याची एक बाजू दुसरीवरून सरकते, त्या भेगेस 'भ्रंश' म्हणतात. या बाजू घर्षणानें एकमेकींस धरून असतात. ताण वाढतां वाढतां घर्षण हरलें, कीं त्या एकाएकीं सरकतात व त्या धक्क्याच्या लाटा चोहोंकडे पसरतात. कोयनेस १९६२ पासून जलाशय भरूं लागला. त्याच्या भारानें व भेगांत झिरपणाऱ्या पाण्यानें मूळच्या ताणास वाट मिळाली, असें बहुतेक शास्त्रज्ञ मानतात.

मग एखाद्या गांवास धोका किती, हें कसें ठरवावें? त्यासाठीं तीन प्रश्न विचारावे लागतात. भ्रंश कोठें व किती लांब आहे? कारण लांब भ्रंश मोठा कंप घडवूं शकतो. तो पूर्वीं केव्हां हालला? आणि आपल्या पायाखालीं काय आहे? कठीण कातळापेक्षां नदीकांठच्या मऊ गाळांत हादरा वाढतो. म्हणून एकाच गांवांत टेकडीवरील घर व कुंडलिकेच्या कांठचें घर यांचा धोका सारखा नसतो.

पालीजवळ उन्हेऱ्यास ऊन पाण्याचीं कुंडें आहेत. भूमींत खोल भेगा आहेत, इतकें त्यांवरून दिसतें. परंतु प्रत्येक भेग जागृत भ्रंश नव्हे. ती अलीकडच्या काळांत सरकली, याचा पुरावा लागतो.

तथापि नकाशा म्हणजे अभयवचन नव्हे. ता. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं किल्लारीस धरणीकंप झाला, तेव्हां तो प्रदेश नकाशांत सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यांत होता. तरी हजारों माणसें गेलीं. दगडमातीच्या जाड भिंती व मातीचीं जड धाबीं त्यांच्या अंगावर कोसळलीं. पुढें २००२ सालच्या नकाशांतून तो सर्वांत खालचा पट्टाच काढून टाकण्यांत आला.

धरणीकंपाची वेळ कोणासही सांगतां येत नाहीं. घर मजबूत करणें मात्र आपल्या हातीं आहे. पालकांनीं घर बांधतांना चारही भिंतींस एकत्र बांधणारा काँक्रीटचा पट्टा घालावा, दगडी भिंतींत आरपार जाणारे लांब दगड बसवावे व छप्पर हलकें ठेवून भिंतींशीं जखडावें. विद्यार्थ्यांनीं हादरा बसतांच मजबूत मेजाखालीं शिरून डोकें झांकावें व हादरा थांबेपर्यंत धांवूं नये. भूमि स्थिर ठेवणें मनुष्याच्या हातीं नाहीं; ती हालली असतां घर उभें राहील अशी तजवीज करणें, हेंच खरें शहाणपण होय.