बॅकअप आहे, पण घरापर्यंतचा आहे का?

अंबरनाथकरांचं एक बरं असतं. अंबरनाथ लोकल चुकली तर बदलापूर, तीही गेली तर कर्जत. पण रात्री बदलापूरकराने घाईत अंबरनाथ लोकल पकडली, की तो अंबरनाथला उतरून रिक्षावाल्यांशी हुज्जत घालत उभा! गाडी मिळाली, पण घरापर्यंतची नव्हती.

मालवणला नेमकं हेच आठवलं. उल्हासनगरच्या कॉलेजातला आमचा ग्रुप ठाण्याहून कोकणकन्येने कुडाळला आणि तिथून पुढे स्कूबासाठी गेला होता. होडीत इन्स्ट्रक्टर दादांनी पिवळा रेग्युलेटर दाखवला. हा ‘ऑक्टोपस’, तोंडातला बिघडला तर यातून श्वास घ्यायचा. आम्ही सगळे रीलच्या नादात. एका मैत्रिणीने तेवढं विचारलं, ‘‘दादा, पण हा पण त्याच टाकीला लावलाय ना? टाकीच संपली तर?’’

‘‘मग माझी टाकी. आणि वर यायला आपल्याला किती वेळ लागणारे?’’ दादा हसले. उथळ पाण्यात हे उत्तर पुरतं. पण खोलवर?

हौशी डायव्हिंगची मर्यादा ४० मीटर. त्यापलीकडे, बुडालेल्या जहाजांत किंवा पाण्याने भरलेल्या गुहांत जाणारं ते टेक्निकल डायव्हिंग. तिथे थेट वर येता येत नाही. एक तर डोक्यावर छत असतं, नाही तर शरीरात इतका नायट्रोजन विरघळलेला असतो, की झटकन वर आल्यास सोड्याची बाटली उघडल्यासारखे रक्तात बुडबुडे होतात. टप्प्याटप्प्याने थांबतच यायचं. म्हणून स्वतंत्र रेग्युलेटर असलेली वेगळी टाकी लागते.

केवढी? इथे गणित करूच. ४० मीटरवर दाब ५ बार, म्हणजे जमिनीच्या पाचपट. मिनिटाला २० लीटर हवा घेणारा माणूस तिथे १०० लीटर घेतो. घाबरला तर दुप्पट! ३ लीटरची छोटी टाकी २०० बारला भरली की ६०० लीटर हवा. आता काय झालंय ते समजण्यात एक मिनिट गेलं, २०० लीटर संपले. मिनिटाला ९ मीटर वेगाने वर यायला साधारण साडेचार मिनिटं, त्यात आणखी सुमारे ५४० लीटर. झाले ७४०. टाकी वाटेतच संपली. ५ मीटरवर तीन मिनिटं थांबायचं, त्याचे १८० लीटर तर अजून धरलेच नाहीत. ६ लीटरची टाकी असती तर निभावलं असतं. पाण्याच्या बाटलीएवढ्या गोंडस सिलिंडरबद्दल न बोललेलंच बरं.

गुहेत जाणारे डायव्हर तर एक तृतीयांश हवा जायला, एक तृतीयांश यायला आणि उरलेली अडचणीसाठी ठेवतात. २०१८ मध्ये थायलंडच्या थाम लुआंग गुहेत अडकलेल्या बारा मुलांची आणि त्यांच्या कोचची सुटका आठवते ना? पाणी उपसण्याच्या सल्ल्यासाठी आपल्या किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञही तिथे होते. त्या मोहिमेत वाटेवर हवेच्या टाक्या ठेवून परतताना थाई नौदलाचे माजी डायव्हर समन गुनान बेशुद्ध पडले आणि ६ जुलैला गेले.

मोठी टाकी घेतली म्हणजे सुटलो, असंही नाही. आत काय भरलंय? मला वाटायचं, ऑक्सिजन जितका जास्त तितकं चांगलं. साफ चूक! शुद्ध ऑक्सिजन ६ मीटरच्या खाली घेतला तर झटके येऊ शकतात, आणि पाण्यात झटका म्हणजे रेग्युलेटर तोंडातून सुटणं. ५० टक्के ऑक्सिजनचं मिश्रण साधारण २१ मीटरपर्यंतच चालतं. शेवटच्या थांब्यांसाठी ही मिश्रणं उत्तम, पण ४० मीटरवर घाबरून तीच तोंडात घातली तर संपलंच. म्हणून प्रत्येक टाकीवर कमाल खोलीचा आकडा ठळक लिहितात. भरणाऱ्याच्या शब्दावर न जाता अ‍ॅनालायझरने स्वतः तपासतात. आणि टाकी बदलताना जोडीदाराला आकडा दाखवून, नळी हाताने चाचपत टाकीपर्यंत खात्री करतात. गढूळ पाण्यात रंग दिसत नाहीत.

ती मैत्रीण आता तारकर्लीला एमटीडीसीच्या स्कूबा संस्थेत कोर्स करायचा म्हणतेय. घरच्यांची परवानगी अजून बाकी आहे. मी मात्र त्या दिवशी माझ्या टाकीचा काटा एकदाही पाहिला नव्हता, हे तिला अजून सांगितलेलं नाही.