हाक मारली की कायोटी येतो?

मागच्या जानेवारीत आमच्या पिट्सबर्गच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री अकराला एका काकूंचा निरोप आला: "घरामागे दहा-बारा कोल्हे रडताहेत, कुणीतरी पोलिसांना कळवा हो!" खाली लगेच सल्ल्यांची रांग लागली. एकाने लिहिले, हे सरकारनेच सोडलेत. दुसऱ्याने यूट्यूबची चित्रफीत टाकली आणि वर मखलाशी केली: "मोबाईलवर सशाचा आवाज लावा, पाच मिनिटांत धावत येतात."

पाच मिनिटांत धावत येणारा कायोटी मी अजून पाहिलेला नाही. गेले तीन हिवाळे मी शेजाऱ्याबरोबर उत्तरेच्या ॲलेगेनी नॅशनल फॉरेस्टमध्ये जाऊन बसतो आहे. शेजारी निवृत्त ट्रकचालक आहे, सत्तरीचा, आणि पन्नास वर्षे जंगलात काढलेला. बंदूक त्याच्याकडे, थर्मास माझ्याकडे. त्या बैठकांत माझे जे गैरसमज झडले, ते ग्रुपवर एका ओळीत मावले नसते, म्हणून इथे लिहितो.

आधी प्राणी कोण ते सांगतो. कायोटी हा कोल्ह्या-लांडग्यांच्या कुळातला, खास उत्तर अमेरिकेतला. नाव आले मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतल्या 'कोयोत्ल'वरून. १८२३ मध्ये थॉमस से याने त्याचे शास्त्रीय नाव ठेवले, त्याचा अर्थ 'भुंकणारा कुत्रा'. पश्चिमेकडचा कायोटी साधारण नऊ ते सोळा किलोंचा, म्हणजे आपल्या कोल्ह्यापेक्षा थोडा थोराड. आमच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातला नर मात्र वीस-पंचवीस किलोंपर्यंत जातो. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

"आवाज ऐकला ना? मोठी टोळी आहे!"

बहुतेक वेळा ती दोघेच असतात, नवरा-बायको. कायोटी ओरडताना सूर सतत वर-खाली करतो, मधेच भुंकतो, मधेच किंचाळतो. त्यात झाडांवरून आणि टेकड्यांवरून आवाज परततो, आणि दोघांचे डझनभर होतात. लोकांना ध्वनिमुद्रणे ऐकवून कायोटी मोजायला सांगितले, तेव्हा त्यांनी आकडा फुगवूनच सांगितला. या फसवणुकीला शास्त्रज्ञ 'बो जेस्ट परिणाम' म्हणतात. 'बो जेस्ट' ही १९२४ची कादंबरी. तिच्यात किल्ल्यातले मेलेले सैनिक तटावर उभे करून शिबंदी मोठी असल्याचे भासवले जाते. तिचा लेखक पी. सी. रेन हा आपल्या मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होता, आणि शाळेत आपल्याला रडवणाऱ्या 'रेन अँड मार्टिन' व्याकरणातला रेन तोच. काकूंना हे सांगितले तेव्हा कोल्ह्यांपेक्षा या माहितीनेच त्या जास्त चकित झाल्या.

"सरकारने हरणे कमी करायला सोडले"

पेनसिल्व्हेनियातल्या कुठल्याही चहाच्या (इथे कॉफीच्या) टपरीवर ऐकायला मिळणारी ही कथा. कधी त्यात सरकार असते, कधी मोटारींना हरणे धडकून नुकसानभरपाई देऊन थकलेल्या विमा कंपन्या. राज्याच्या गेम कमिशनने याचा अनेकदा साफ इन्कार केला आहे, आणि कायोटीला कुणी आणून सोडायची गरजही नव्हती. पूर्वेतले लांडगे माणसाने मारून संपवले, जागा मोकळी झाली. कायोटी मैदानांतून ग्रेट लेक्सच्या वरच्या अंगाने, कॅनडातल्या ऑन्टारियोमार्गे सरकत सरकत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात न्यूयॉर्कच्या उत्तरेला पोचला. वाटेत उरल्यासुरल्या लांडग्यांशी आणि कुत्र्यांशी त्याची सोयरीक झाली. पूर्वेकडच्या कायोटीच्या डीएनएमध्ये ती आजही दिसते आणि त्याच्या आडव्या बांध्यात तिचाही वाटा आहे. आज हवाई सोडले तर अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात तो आहे.

"आवाज हुबेहूब काढता आला की झाले"

खरे शिकणे इथे आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

आपल्याकडे शिकारीच्या जुन्या गोष्टींत 'हाका' असतो: ढोल-डबे वाजवत, आरडाओरडा करत सावज हुसकायचे आणि मचाणाकडे न्यायचे. इथली हाक उलटी. सावजाला बोलवायचे. त्यासाठी तोंडाने फुंकायची छोटी नळी असते, आत पातळ पट्टी. शिकारी तिला 'कॉल' म्हणतात, मी पिपाणी म्हणतो, कारण जत्रेतल्या पिपाणीपेक्षा तिचे तंत्र फारसे वेगळे नाही. तिच्यातून सापडलेल्या सशाची किंकाळी, हरणाच्या पाडसाचे बेंबाटणे, कायोटीच्या पिल्लाची केकाटी असे आवाज निघतात. बॅटरीवर चालणारा भोंगाही मिळतो, त्यात शेकडो आवाज भरलेले. फिलिप लेनर या अभ्यासकाने १९७८ मध्ये कायोटीच्या आवाजांचे अकरा प्रकार मांडले. शिकाऊ माणूस ते सगळे पाठ करायला बसतो आणि तिथेच चुकतो.

चित्रफितींतला कायोटी येतो तो वायोमिंगच्या नाहीतर टेक्ससच्या उघड्या माळावर. तिथे तो अर्ध्या किलोमीटरवरून दिसतो आणि आवाजही लांब जातो. ॲलेगेनीचे जंगल म्हणजे सुमारे दोन लाख हेक्टर काळ्या चेरीची, मेपलची, हेमलॉकची झाडी. खाली बीचची रोपटी इतकी दाट, की हिवाळ्यातही त्यांची फिकट वाळकी पाने गळत नाहीत आणि पडद्यासारखी लोंबतात. तीस पावलांपलीकडे डोळा पोचत नाही. आवाज झाडोऱ्यात मुरतो. माळावर दोन बैठकांमध्ये दीड-दोन किलोमीटर अंतर ठेवतात, इथे चार-पाचशे मीटरही पुरते.

आणि मुख्य म्हणजे वारा. कायोटी आवाजाच्या दिशेने सरळ येत नाही. तो वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला जातो आणि तिथून वास घेतो. कानाने ऐकलेले तो नाकाने तपासून पाहतो. माळावर हा वळसा दिसतो, जंगलात दिसत नाही. म्हणून शेजारी आधी जागा शोधतो आणि आवाजाचा विचार मग करतो. या जंगलात तेला-वायूच्या विहिरी पुष्कळ आहेत (अमेरिकेतली गाजलेली पहिली तेलविहीर १८५९ मध्ये जवळच टायटसव्हिलला खोदली गेली), आणि त्यांच्याकडे जाणारे अरुंद कच्चे रस्ते, पाइपलाइनचे सरळ पट्टे झाडीतून कापलेले आहेत. असा पट्टा वाऱ्याच्या खालच्या बाजूला येईल असे बसायचे. वळसा घालणाऱ्या कायोटीला तो ओलांडावाच लागतो, आणि तेवढाच क्षण तो उघड्यावर असतो. पाठ रुंद बुंध्याला, मांडीवर छर्र्याची बंदूक, कारण मारा पस्तीस-चाळीस मीटरच्या आतच होणार असतो. खिशात टाल्कम पावडरची मऊ बाटली. दाबली की पांढरा ढग कुठे जातो ते पाहायचे. सकाळी गारवा उताराने खाली वाहतो, ऊन चढले की तीच हवा वर चढू लागते. सातला साधलेली जागा दहाला उलटते.

एक सकाळ सांगतो. उणे नऊ अंश, रात्री पडलेला ताजा बर्फ. शेजाऱ्याने पहिली फुंकर अगदी हलकी मारली, कारण कायोटी शंभर पावलांवरही झोपलेला असू शकतो. वीस सेकंद आवाज, मग तीन-चार मिनिटे शांतता. पुन्हा जरा मोठ्याने. दहाव्या मिनिटाला एक घुबड बिनआवाज डोक्यावरून गेले आणि सशाऐवजी आमच्या टोप्या पाहून निघून गेले. माझे पाय बधिर झाले, मी एकदा कूस बदलली. अर्धा तास झाला, काही नाही. उठलो, वाटेला लागलो, तर आमच्या मागे चाळीस पावलांवर बर्फात ठसे. लांबट, पुढे नखांच्या खुणा, एका सरळ रेषेत, मागचा पाय जवळजवळ पुढच्याच ठशात पडलेला. एका जागी बर्फ थोडा दबलेला होता. तिथे तो उभा राहिला होता आणि मग आल्या वाटेने परत गेला होता. शेजाऱ्याने बाटली दाबली. पावडर नेमकी त्या जागेकडे गेली.

तो एवढेच म्हणाला, "पिपाणी चांगली वाजली. आपण चुकीच्या झाडाला बसलो."

"केशरी टोपी घातली की कायोटीला दिसतो"

नाही. कुत्र्यांवर नाइट्झ आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये केलेल्या प्रयोगांत दिसले, की त्यांना निळा-पिवळा भेद कळतो, तांबड्या-हिरव्यातला कळत नाही. कायोटी त्याच कुळातला, त्यामुळे झगझगीत केशरी त्याला मळकट दिसणार. त्याला दिसते ती हालचाल, माझी ती कूस बदलल्यासारखी. टोपी माणसांसाठी असते. सार्वजनिक जंगलात तुम्ही झुडपात दडून सशासारखे किंचाळत असता, तेव्हा दुसरा एखादा नवशिका शिकारी त्याच आवाजावर दबकत येत असू शकतो. असा कुणी दिसला तर हात हलवायचा नाही, मोठ्याने बोलायचे. कायोटी जाईल, जाऊ द्या.

"सरकारी जंगल आहे, कोण विचारतो?"

बरेच जण विचारतात. पेनसिल्व्हेनियात कायोटीची शिकार वर्षभर खुली आहे हे खरे, पण परवाना लागतो, आणि तो मिळण्याआधी सुरक्षिततेचा अभ्यासक्रम. नॅशनल फॉरेस्टमध्ये घर, इमारत किंवा तंबूतळापासून १५० यार्डांच्या, म्हणजे सुमारे १३७ मीटरच्या आत गोळी झाडता येत नाही. रस्त्यावरून किंवा पाण्यावरून पलीकडेही नाही. नॅशनल पार्क आणि नॅशनल फॉरेस्ट ही दोन वेगळी प्रकरणे आहेत, आणि बहुतेक पार्कांत शिकारीला बंदी आहे. नियम बदलत राहतात, त्यामुळे दर वर्षीची पुस्तिका वाचायलाच हवी.

आणि समोर आले ते कायोटीच आहे का? डिसेंबर २०२१ मध्ये न्यूयॉर्क राज्यात कूपर्सटाउनजवळ एका शिकाऱ्याने कायोटी समजून एक जनावर मारले. वजन ८५ पौंड, म्हणजे साडेअडतीस किलो. डीएनए तपासणीत तो लांडगा निघाला, आणि तिथे लांडग्याला संघराज्याच्या कायद्याचे संरक्षण आहे. वजनाचा फरक लक्षात ठेवा म्हटले होते ते यासाठी. झाडीत अर्धवट दिसलेल्या राखी पाठीवर गोळी झाडायची नसते. ती पाठ कुणाच्या जर्मन शेफर्डचीही असू शकते.

आमच्या बैठकांचे फोटो पाहून गावाकडून भाच्याचा फोन आला: "मामा, एक पिपाणी पाठवा ना, आपल्या उसात कोल्हे लई झालेत." पाठवली नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कोल्ह्याला संरक्षण आहे, त्याची शिकार हा गुन्हा आहे, आणि उसातले उंदीर खाणारा गडी हाकलून भाच्याचे भलेही होणार नाही.

"मारत राहिले की कमी होतात"

हा सगळ्यांत चिवट गैरसमज, आणि शिकाऱ्यांचा लाडका, कारण त्यात पुण्यही मिळते. १९७५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या कॉनोली आणि लाँगहर्स्ट यांनी गणित मांडले: दर वर्षी ७० टक्के कायोटी मारले तरी संख्या तग धरते. ७५ टक्के मारत राहिले, तर संपायला पन्नासहून जास्त वर्षे लागतील. कारण जागा रिकामी झाली की उरलेल्यांना खाणे जास्त मिळते, पिल्ले जास्त जगतात, आणि शरद ऋतूत घर सोडून निघालेले शेजारपाजारचे तरुण ती जागा भरून काढतात. अमेरिकी सरकारने कित्येक दशके स्ट्रिक्नीनपासून '१०८०' पर्यंतची विषे घातली. १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सार्वजनिक जमिनींवर त्यांचा वापर थांबवला. त्या काळात कायोटीचा मुलूख आटला नाही, उलट वाढला.

मेंढ्यांच्या कळपाला चटावलेला एक ठरावीक कायोटी मारला तर त्या मेंढपाळाला उपयोग होतो, हे मला मान्य आहे. पाडसे जन्मतात त्या आठवड्यांत कायोटी त्यांच्यातली बरीच खातो, हेही खरे. पण 'कुणी जास्त मारले' याच्या बक्षिसांच्या स्पर्धांना जंगल वाचवण्याचे नाव देणे मला पटत नाही. कॅलिफोर्नियाने २०१४ मध्ये अशा बक्षिसांवर बंदी घातली, नंतर आणखी काही राज्यांनी. पेनसिल्व्हेनियात त्या चालतात. माझा शेजारी त्यांत जात नाही. पण कारण विचारले तर थर्मास मागतो.

राहता राहिली काकूंची भीती. कायोटीने माणसाचा जीव घेतल्याच्या नोंदी उत्तर अमेरिकेत दोनच आहेत: १९८१ मध्ये कॅलिफोर्नियात ग्लेंडेलला, आणि २००९ मध्ये कॅनडात केप ब्रेटनला. म्हणून रात्री कोल्हेकुई ऐकू आली तर पोलिसांना फोन करू नका. मोबाईलवर सशाचा आवाज तर मुळीच लावू नका. मांजर आत घ्या, कुत्र्याची ताटली उचला आणि कचऱ्याच्या डब्याचे झाकण घट्ट लावा.