कोटा देशाचा, निवड गुणांवर

पातूरच्या एखाद्या मुलीला भारतीय नेमबाजी संघात जायचं असेल, तर सुरुवात 10 मीटर एअर रायफल किंवा एअर पिस्तुलापासून करावी. रायफलच्या लक्ष्यावर मधला दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, आणि छर्रा साडेचार मिलिमीटरचा! साठ छर्रे, पंचाहत्तर मिनिटं. प्रत्येक नेमाचे जास्तीत जास्त 10.9 गुण.

पुढचा रस्ता ठरलेला आहे: जिल्हा, राज्य, प्री-नॅशनल म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेआधीची चाळणी, मग राष्ट्रीय स्पर्धा.

गफलत इथंच होते. जिल्ह्यात पदक आलं की घरचे समजतात, पोरगी पुढं गेली. पण वर जाण्यासाठी लागतात ते किमान पात्रता गुण. स्पर्धकच कमी असतील, तर पदक मिळूनही ते गुण हुकू शकतात. म्हणून निकालात आपण आधी गुण बघावेत, क्रमांक नंतर.

दुसरी अडचण कागदांची. नाव आणि जन्मतारीख आधारवर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरी, असं असेल तर ते आधीच दुरुस्त करून घ्यावं. वयोगट त्यावरच ठरतो.

तिसरी साहित्याची. एअर पिस्तुलाच्या घोड्याचं वजन किमान 500 ग्रॅम भरावं लागतं. स्पर्धेनंतरच्या तपासणीत ते कमी भरलं, तर स्पर्धक बाद. मग गुण कितीही असोत.

राष्ट्रीय स्पर्धेत चांगले गुण आले की निवड चाचण्यांचं दार उघडतं. या चाचण्या नॅशनल रायफल असोसिएशन घेते. एका दिवसाची चमक तिथं पुरत नाही. अनेक चाचण्यांतले गुण धरून क्रमवारी लागते आणि त्यातून विश्वचषकाचा, आशियाई स्पर्धेचा संघ निघतो.

ऑलिम्पिकचं गणित वेगळं. जागतिक किंवा खंडीय स्पर्धेत खेळाडू 'कोटा' मिळवतो, म्हणजे ऑलिम्पिकमधली एक जागा. ती देशाची असते, मिळवणाऱ्याची नाही. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलनं 2022 साली कैरोत जगज्जेतेपदासह एअर रायफलचा कोटा आणला. 2024च्या एप्रिल-मेमध्ये दिल्ली आणि भोपाळला चाचण्या झाल्या, आणि पॅरिस ऑलिम्पिकला दुसरेच गेले. कठोर वाटतं, पण नियम सगळ्यांना आधीपासून ठाऊक होता.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे त्याच कैरोत 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये चौथा आला होता. गुडघ्यावर, पालथं झोपून आणि उभ्यानं, अशा तीन स्थितींतली ही स्पर्धा. तोही कोटा घेऊन परतला, चाचण्यांतही टिकला, आणि 1 ऑगस्ट 2024ला पॅरिसमध्ये त्यानं 451.4 गुणांनी कांस्य जिंकलं.

तेव्हा बातम्यांत 'कोटा मिळाला' ऐकलं, तरी पेढ्यांची ऑर्डर चाचण्या होईपर्यंत थांबवलेली बरी.