दोन प्रश्नांची चाळणी

अमेरिकेतील मद्यविषयक राष्ट्रीय संशोधन संस्थेने २०११ मध्ये ९ ते १८ वयोगटासाठी जी चाळणी चाचणी, म्हणजे त्रास दिसू लागण्यापूर्वीच धोका हेरणारी प्राथमिक तपासणी, प्रसिद्ध केली, तिच्या मुळाशी दोनच प्रश्न आहेत: मित्रमैत्रिणी मद्य पितात का, आणि गेल्या वर्षभरात स्वतः किती दिवस मद्य घेतले. उच्च प्राथमिक शाळेपर्यंतच्या मुलांना मित्रांविषयी आधी विचारतात, कारण तो प्रश्न कमी धास्तीचा असतो आणि पिणारी संगत ही पुढे स्वतः सुरुवात होण्याची पूर्वसूचना असते. त्याहून मोठ्या मुलांच्या बाबतीत हा क्रम उलटतो. गोपनीयतेची खात्री आणि पालकांच्या अनुपस्थितीत बोलण्याची मोकळीक नसेल, तर प्रामाणिक उत्तराची अपेक्षा करणे हा मुलांवर अन्यायच होय. २०१८ मध्ये अमेरिकी प्रतिबंधक सेवा कार्यदलाने मात्र १२ ते १७ वयोगटात अशा तपासणीचे लाभ-हानी तोलण्यास पुरावा अपुरा असल्याचे नोंदवले.