गंजाची पकड कशी सुटते?

पावसाळ्यानंतर पावसाळे झाडाखाली काढलेली एखादी जुनी मोटार तुम्ही पाहिली असेल. समजा, ती प्रीमियर पद्मिनी आहे. मुंबईत कुर्ल्याला तयार झालेल्या या गाड्या २०२३ पर्यंत तेथे टॅक्सी म्हणून धावत होत्या. मालक किल्ली फिरवतो, पण इंजीन हलत नाही. मिस्त्री म्हणतो, "इंजीन जॅम झालंय!"

म्हणजे नेमके काय झाले? या इंजिनाच्या बिडाच्या ठोकळ्यात ६८ मिलिमीटर व्यासाची चार सिलिंडरे असतात. प्रत्येकात ॲल्युमिनियमचा पिस्टन वर-खाली सरकतो. दोहोंमधील फट जेमतेम केसाएवढी. इंजीन थांबते तेव्हा एखाद्या सिलिंडरची झडप उघडीच राहते. तिच्यातून दमट हवा आत शिरते आणि बीड गंजते. गंज ज्या लोखंडापासून बनतो, त्याच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. अरुंद फटीत जागा कोठून मिळणार? तो पाचरीसारखा ठासून बसतो.

मग हातोडा मारावा काय? छे! पिस्टनला तडा जाईल, रिंगा तुटतील. जाणता मिस्त्री सर्व स्पार्क प्लग काढतो, त्या भोकांतून डिझेल व पातळ ऑइल यांचे मिश्रण ओततो आणि चक्क घरी जातो!

पुढचे काम केशाकर्षण करते. तुम्हीही ते पाहू शकता. काचेच्या दोन पट्ट्यांच्या एका बाजूच्या कडा जुळवा, दुसऱ्या बाजूस मध्ये आगकाडी ठेवा आणि रबराने बांधा. पट्ट्या रंगीत पाण्यात उभ्या करा. फट जेथे सर्वांत अरुंद, तेथे पाणी सर्वांत उंच चढेल. तेलही गंजाच्या बारीक भेगांत असेच ओढले जाते. मात्र भेग जितकी अरुंद, तितका प्रवास मंद. म्हणून कित्येक दिवस थांबावे लागते.

नंतर गाडी चौथ्या गियरात घालून किंचित पुढे, किंचित मागे ढकलतात. पिस्टन केसभर हलला, की तेलाला नवी वाट मिळते. असे करता करता तो सुटतो. मात्र प्लग बसवण्यापूर्वी उरलेले तेल काढून टाकावेच लागते. हवेप्रमाणे द्रव दाबला जात नाही. तो आत राहिला तर पिस्टनचा दांडा वाकेल.

सायकलचा गंजलेला नट अडला, तर आधी तेलाचे दोन थेंब सोडा. पान्याची घाई उद्या करा!