चित्रकलेचे कॉलेज पारखताना

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या आष्टी तालुक्यात एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणारी मुले पुष्कळ. त्यातली दोन-चार तरी दरवर्षी विचारतात, "सर, पुण्यात एक आर्टचं कॉलेज आहे. घेऊ का ॲडमिशन?" मी कलाशिक्षक, तेव्हा हा प्रश्न माझ्याच वाट्याला येतो. विचारणाऱ्याच्या घरी बहुधा चार एकर कोरडवाहू, नाहीतर सहा महिने ऊसतोड. चार वर्षांची फी म्हणजे दावणीची बैलजोडी आणि वर कर्ज. उत्तर जपूनच द्यावे लागते.

शासकीय कला महाविद्यालये नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशी मोजकी. मुंबईचे १८५७ सालचे जे. जे. २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठ झाले. जागा सगळीकडेच थोड्या. उरलेली मुले शहरातल्या छोट्या खासगी कॉलेजांकडे वळतात. छोटे म्हणजे वाईट, असे मी मुळीच मानत नाही. वर्गात वीस-पंचवीस मुले असली की मास्तर प्रत्येकाच्या बोर्डापाशी बसू शकतो. मात्र माहितीपत्रक गुळगुळीत आणि वर्ग रिकामे, असाही प्रकार असतो.

म्हणून पहिला प्रश्न विचारा : शेवटची परीक्षा कोण घेते? बीएफए असेल तर विद्यापीठाचे नाव सांगितले पाहिजे, पदविका असेल तर महाराष्ट्र राज्य कला शिक्षण मंडळाचे. "सर्टिफिकेट आमचंच, पण मार्केटमध्ये चालतं" असे उत्तर आले, तर हौसेपुरते ठीक. कलाशिक्षकाच्या नोकरीला ते उपयोगी नाही.

बीएफएसाठी राज्याची सीईटी असते. तिच्यातले वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र इंटरमिजिएट दिलेल्या मुलाला परके नाही. केंद्रीय प्रवेश फेरीतून गेलेल्या पात्र मुलाला राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसाठी अर्ज करता येतो. व्यवस्थापन कोट्यातून गेला तर नाही. "सीईटीची गरज नाही, थेट या" हे ऐकताना गोड वाटते, पण हिशेब तिथेच फिरतो.

आता प्रत्यक्ष भेट. ती प्रवेशाच्या गर्दीत नको, कामाच्या दिवशी सकाळी अकराला द्या. सप्टेंबर २०२२ मध्ये आष्टी-नगर रेल्वे सुरू झाली, तरी पुण्याचा फेरा म्हणजे एक दिवस मोडतोच. मोडू द्या. ऑफिसात बसू नका, वर्गात जा. डाँकीवर धूळ आहे का? बेसिनला रंगाचे डाग आहेत का? (स्वच्छ बेसिन पाहिले की मला शंका येते.) खिडकीतून उजेड येतो की दिवसभर ट्यूबलाइट? भिंतीवरची बक्षीसपात्र चित्रे बाजूला ठेवा आणि दुसऱ्या वर्षाच्या साध्या मुलाची स्केचबुक मागा. ती भरलेली असेल, तारखा सलग असतील, तर तिथे काम चालते. शिकवणारे सर स्वतः चित्र काढतात का, राज्य कला प्रदर्शनाच्या विद्यार्थी विभागात मुलांची कामे पाठवतात का, हेही विचारा. आणि शिपाई नसताना, चहाच्या टपरीवर, तिसऱ्या वर्षाच्या मुलांशी बोला. माहितीपत्रकापेक्षा ती खरे सांगतात.

खर्च विचारताना फीवर थांबू नका. कागद, रंग, कॅनव्हास, खोलीभाडे, मेस, आणि उपयोजित कला असेल तर संगणक, सगळे वेगळे. ही यादी कॉलेजपेक्षा तिथली मुलेच नीट सांगतील.

मूळ दाखले मात्र पडताळणी झाली की परत घ्या. ते कॉलेजला ठेवून घेता येत नाहीत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. आणि भरलेल्या प्रत्येक रुपयाची पावती मागा, मग समोरचा कितीही ओळखीचा असो.